जर्मनीत आनमेल्डुंगसाठी (पत्ता नोंदणीसाठी) लागणारा कागद मिळत नाहीये, काय करू?

नवाभिडू:
नमस्कार मंडळी. मास्टर्ससाठी गेल्याच आठवड्यात जर्मनीत आलोय. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा हे माहीत होतं, पण त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो हे इथे आल्यावर कळलं. मी खोली घेतलीय ती एका पोराकडून, तो स्वतःच भाडेकरू आहे, आणि तो म्हणतो राहा बिनधास्त पण आनमेल्डुंग इथे करू नकोस. अपॉइंटमेंट पण तीन आठवड्यांनंतरची मिळतेय. नुसता भाडेकरार दाखवून भागेल का? एक जण म्हणाला शंभर युरो दे, माझ्या पत्त्यावर नोंदवून देतो. आणि हो, आई दोन महिन्यांसाठी येणारे, तिचंही करावं लागेल का?

जुनाभाडेकरू:
शंभर युरोवाल्याच्या नादी लागू नकोस बाबा. जिथे राहत नाही तिथला कागद देणाऱ्याला कायद्यात 50,000 युरोपर्यंत दंड आहे, आणि तुझी सगळी सरकारी पत्रं त्याच्या पेटीत पडणार ते वेगळंच. भाडेकरार चालत नाही, नोव्हेंबर 2015 पासून व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगच लागतं (नाव वाचून घाबरू नको, एका पानाचा फॉर्म आहे, पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि सही, संपलं). गंमत म्हणजे मूळ मालकाची सही लागतच नाही, तू ज्याच्याकडून खोली घेतलीस तो पोरगाच सही करू शकतो, किंबहुना द्यायलाच हवी त्याने. नाही म्हणतोय म्हणजे बहुतेक मालकाला न सांगता तुला ठेवलंय. तो देतच नसेल तर तसं नोंदणी ऑफिसला कळवायचं, तीही तुझीच जबाबदारी. कळवलंस की खोली टिकेल का हे मात्र तूच ठरव, मी तर दुसरी शोधायला लागलो असतो.

अपॉइंटमेंटचं टेन्शन घेऊ नको, दोन आठवड्यांच्या आत बुक केल्याचा मेल जपून ठेव. सकाळी लवकर साइट रिफ्रेश करत बसलं की कुणीतरी कॅन्सल केलेला स्लॉट सापडतो, मला असाच मिळाला होता.

रताळं_००७:
पेटीवर नाव लावलंस का??? हे कुणी सांगत नाही. मी आनमेल्डुंग करून तीन आठवडे टॅक्स आयडीची वाट बघत बसले, पार्टटाइम जॉबला तो अकरा आकडी नंबर हवा होता, आणि पत्र परत गेलेलं, कारण खालच्या पेटीवर फक्त फ्लॅटमेटचं आडनाव. शेवटी वहीचं पान फाडून सेलोटेपने नाव चिकटवलं. इथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नावच बघतो.

अजून एक, फॉर्मवर धर्म विचारतात तो चर्च टॅक्ससाठी (चर्चच्या सदस्यांना लागणारा कर). आपण हिंदू वगैरे लिहायच्या भानगडीत पडू नये, मी तो रकाना कोराच सोडला.

जुनाभाडेकरू:
रताळं, बरोब्बर. आणि नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिना 18.36 युरो, टीव्ही नसला तरी. ती घरटी एकच असते, फ्लॅटमेट भरत असेल तर त्याच्या फीचा खातेनंबर कळवून मोकळं व्हायचं. बरेच जण पत्र जाहिरात समजून फेकतात आणि मग थकबाकीचं येतं.

आईचं काही करायचं नाही. परदेशात राहणारा माणूस तीन महिन्यांपर्यंत पाहुणा म्हणून राहिला तर आनमेल्डुंग लागत नाही, व्हिसाचे दिवस तेवढे मोज.

नवाभिडू:
बाप रे, थँक्यू दोघांना. त्याला आत्ताच विचारलं, मालकाला खरंच माहीत नाहीये, आणि वर मलाच म्हणतो तू का एवढा नियम बघतोस. खोली शोधतोय. मेलमध्ये पहिलाच प्रश्न टाकलाय, आनमेल्डुंग होईल ना? पाचपैकी दोघांनी उत्तरच दिलं नाही.