‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ला मराठीत काय म्हणायचं?

सव्वानऊची_लोकल: अंधेरीला आमच्या ऑफिसात नाइट शिफ्टच्या पोरांसाठी मराठीत दोन पानं लिहितेय, पायथनचा सर्व्हर नव्या मशीनवर चढवला आणि डेटाबेस लागला नाही तर काय काय बघायचं ते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ या एररला मी ‘जोडणी नाकारली’ लिहिलं, तर सीनियर म्हणतो नाकारायला आधी घरात कोणीतरी असावं लागतं, पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, तर चालूच नव्हता. आता मलाच डाउट यायला लागलाय.

काटेकोर: जोडणी नळाची आणि विजेची. इथे ‘संपर्क नाकारला’. एवढा सरळ शब्द असताना कशाला?

गिरगावातला: संपर्क वगैरे कोण बोलतं हो. आमच्याकडे लँडलाइन होती तेव्हा ‘फोन लागत नाही’ एवढंच म्हणायचो पण त्यातही प्रकार होते, रिंग वाजतेय वाजतेय कोणी उचलत नाही हा एक, आणि लगेच ती बाई ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही’ म्हणायची तो दुसरा. ती बाई काय त्या घरातली नव्हे, एक्स्चेंजची.

सव्वानऊची_लोकल: काका अगदी हेच! रिफ्यूज्ड पटकन येतो कारण समोरचं मशीन उत्तर देतं, की या पोर्टवर (प्रोग्रामसाठी ठरलेल्या नंबरवर) कोणी ऐकत नाहीये. पोस्टग्रेसला पत्ताच नसतो. टाइम्ड आउट, वाट बघूनही उत्तर नाही, म्हणजे बहुतेक वेळा फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी) आपली हाक गिळून गप्प बसलीय.

रात्रपाळी: मग नकार मशीनचा, सीनियर चुकला. पण पासवर्ड चुकला तर पोस्टग्रेस स्वतः हाकलतो, खरं ‘नाकारणं’ ते. आणि मला आवडतो तो ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. त्या मेसेजात आधी ‘फेटल’ (जीवघेणं) म्हणायचं मग सॉरी. सेटिंग बदललं नसेल तर १०० कनेक्शनांची मर्यादा, आम्ही सर्व्हरच्या प्रत्येक वर्करला (कामं वाटून घेणाऱ्या प्रोसेसला) कनेक्शनांचा वेगळा साठा, म्हणजे पूल, दिला नि सोमवारी सकाळी विरार फास्ट झाली.

काटेकोर: पोर्टला मराठीत काय लिहिलंत?

सव्वानऊची_लोकल: पोर्टच. ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट, तर आधीच्या एकाने ‘बंदर ५४३२’ लिहून ठेवलेलं, पोरं हसून मेली.

धक्क्यावरचा: हसायचं काय त्यात? बोरीबंदर, मस्जिद बंदर म्हणताना हसता का.

काटेकोर: बंदर मुळात फारसी. शिवाय लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत, पोर्टुस म्हणजे बंदर, पोर्टा म्हणजे दार. कॉम्प्युटरचा पोर्ट दारावरून आलाय. ‘द्वार’ म्हणा.

गिरगावातला: द्वार देवळाला. चाळीत दारच असतं. ‘५४३२ नंबरच्या दारात कोणी नाही’, आमच्या हिला पण कळेल.

काटेकोर: मग उद्या सर्व्हरला गडी म्हणा.

रात्रपाळी: रेशन दुकानात ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकल्यावर आजीसुद्धा मुकाट घरी जाते, तिला कोणी भाषांतर करून दिलं नव्हतं. ते जाऊ दे, ताई मूळ लोच्या काय निघाला? पोस्टग्रेस का बंद होता?

सव्वानऊची_लोकल: बंद नव्हताच, सीनियर तिथेही चुकला 😀 होस्टच्या, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्याच्या, जागी लोकलहोस्ट लिहिलेलं आणि डेटाबेस वेगळ्या कंटेनरात (प्रोग्रामची बंद खोली समज). कंटेनरातून लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, आमचा सर्व्हर आपल्याच खोलीत हाका मारत बसलेला. डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव टाकलं, लागला. पानावर अजून ‘जोडणी नाकारली’च आहे, पेन्सिलीत.

काटेकोर: कंटेनरला काय लिहिलंत?

धक्क्यावरचा: कंटेनर आहेत म्हणता, मग बंदर का नको?