इथेनॉलवर जास्त पॉवर काढायची तर आधी काय: फ्यूल सिस्टिम की टर्बो?

रेलप्रेशर (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो. गाडी ई८५ वर (नावाप्रमाणे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, बाकी पेट्रोल) न्यायची असेल तर टर्बो, ट्यून, क्लच या सगळ्याआधी फ्यूल सिस्टिमला हात लावा. आणि तिचं माप ठरवताना पंपाच्या खोक्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा बघू नका, पूर्ण बूस्टला (टर्बो हवा दाबून भरतो तो दाब) रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणारी नळी) किती दाब लागेल ते बघा. "आत्ता इंजेक्टर टाकू, पंपाचं नंतर बघू" हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण मी नेमकं तेच केलं होतं.

चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. बेस प्रेशर ३ बार, बूस्ट १.५ बार. रेग्युलेटर बूस्टच्या बरोबरीने दाब वाढवतो, म्हणजे पूर्ण बूस्टला रेलमध्ये ४.५ बार हवेत. इंजेक्टर मोठे होते, पंप आधीचाच. तिसऱ्या गिअरमध्ये ६२०० आरपीएमला दाब ३.८ वर घसरला आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, आकडा वाढला म्हणजे इंधन कमी पडतंय) ०.७८ वरून ०.८९ वर गेला. कानाला काहीच जाणवलं नाही. नंतर स्पार्क प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सेलिनवर मिठाच्या कणांएवढे चकाकते ठिपके. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. हेड काढलं, पिस्टन बाहेर घेतले, तर तिसऱ्याची रिंगलँड (पिस्टनवर रिंगांच्या मधली कड) तुटलेली.

इथेनॉल वाईट आहे म्हणून हे झालं नाही. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई८५ ला साधारण ९.८. तेवढ्याच हवेला इंधन खूपच जास्त पाजावं लागतं. ६०० हॉर्सपॉवरचा हिशोब करून बघा. टर्बो इंजिनात ई८५ ला दर हॉर्सपॉवरमागे ताशी सुमारे ०.८५ पाउंड इंधन धरतात. म्हणजे ५१० पाउंड, २३१ किलो, ताशी जवळपास ३०० लिटर. मिनिटाला ५ लिटर! पेट्रोलवर हेच काम ताशी २२० लिटरच्या आसपास होतं. इंजेक्टर ८५ टक्के ड्यूटीवर (म्हणजे ८५ टक्के वेळ उघडे) ठेवायचे तर पेट्रोलला प्रत्येकी मिनिटाला १०८० सीसी पुरतात, ई८५ ला १४५० लागतात. एवढी तयारी नसेल तर ई८५ चा विचार पुढे ढकला.

रोजची_गाडी

असहमत. हिशोब बरोबर आहे, पण प्रत्येकाला ६०० हवेत कुठे? ३५०-४०० वर समाधानी असणाऱ्याला तुम्ही पंप, इंजेक्टर, लाइन, रेग्युलेटर सगळं बदलायला लावताय.

इथेनॉल मिसळलं की नॉक (इंधन वेळेआधी आपोआप पेटून बसणारा ठोका) सहन करायची ताकद सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या ३०-४० टक्क्यांत मोठी उडी मिळते, पुढे चढ कमी होत जातो. ई४० ला (४० टक्के इथेनॉल) पेट्रोलपेक्षा १५-२० टक्केच जास्त इंधन लागतं. बऱ्याच गाड्यांच्या मूळ सिस्टिममध्ये तेवढी जागा असते. मी तीन वर्षं ई४० वर रोज गाडी चालवतोय. रेल प्रेशरचा लॉग दर महिन्याला बघतो, घसरण नाही.

दुसरं म्हणजे गरजेपेक्षा मोठी सिस्टिम फुकट मिळत नाही. मोठा पंप सतत पूर्ण वेगाने फिरतो, न वापरलेलं इंधन रेलची ऊब घेऊन टाकीत परततं आणि टाकी अर्ध्याखाली असली की ते तापत जातं. मोठे इंजेक्टर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इतका थोडा वेळ उघडतात की तिथला फवारा एकसारखा राहत नाही. सिग्नलला गाडी हुंदके देत उभी राहते.

रेलप्रेशर

ई४० चा मुद्दा मान्य, एका अटीवर. टाकीत खरंच ई४० आहे हे कशावरून? ई८५ नावाने मिळणाऱ्या इंधनात एएसटीएम डी५७९८ या अमेरिकी मानकाप्रमाणे ५१ ते ८३ टक्के इथेनॉल चालतं, आणि थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून ते मुद्दाम कमी ठेवतात. बादलीच्या हिशोबाने मिसळलं तर आज ४०, पुढच्या भरणीला २८. ट्यून ४० ची असेल तर बूस्टमध्ये नॉक होणार.

तुमच्याकडे फ्लेक्स फ्यूल सेन्सर (इंधनातलं इथेनॉलचं प्रमाण मोजणारा) आहे का?

रोजची_गाडी

आहे. परतीच्या लाइनवर बसवलाय. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्यावरून इंधन, टायमिंग आणि बूस्ट तिन्ही बदलतो. सेन्सरशिवाय मिश्रण वापरू नये, यात आपलं दुमत नाही. पण मग तुमचं 'सगळं आधीच बदला' हे वाक्य मागे घ्या.

दहा_गेज

दोघेही पंपाच्या आकारावर भांडताय, पंपापर्यंत वीज किती पोचते हे कुणी मोजलं का? धागाकर्त्याचा लॉग वाचला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं.

पंपाचा फ्लो खोक्यावर लिहितात तो १३.५ व्होल्टला. कंपनीची मूळ वायर केसासारखी बारीक, त्यात मध्ये रिले, चार कनेक्टर आणि गंजलेलं अर्थिंग. मोठा पंप जास्त अँपिअर ओढतो तशी त्या वायरीत व्होल्टची घट वाढते. एका गाडीत बॅटरीला १३.८ व्होल्ट होते आणि मागे पंपाच्या कनेक्टरला ११.४. प्लास्टिक पिवळं पडून वितळायला आलं होतं. बॅटरीपासून थेट १० गेजची वायर, मध्ये फ्यूज, नवा रिले, अर्थिंग स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर. पंप तोच ठेवला आणि घसरण गेली.

म्हणून माझा क्रम वेगळा: आधी मीटर लावून पूर्ण लोडला मोजा, मग पैसे काढा.

रेलप्रेशर

दादा, हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. इंजिन उघडल्यावर मोजलं, तेव्हा पंपाला १२.१ व्होल्ट निघाले. त्यामुळे पंप छोटाच होता की उपाशी होता हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. तुमचा मुद्दा पूर्ण मान्य.

लाइनबाज

पंप-इंजेक्टरच्या गोंधळात नळ्या आणि फिल्टर विसरू नका. ई८५ जुन्या टाकीतला वर्षांचा मळ सोडवतं. पहिल्या दोन-तीन भरण्यांत तो सगळा फिल्टरमध्ये येतो. कागदी फिल्टर काढा, इथेनॉलला चालणारा १० मायक्रॉनचा घ्या, पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची स्टीलची जाळी. आणि पहिला फिल्टर लवकर बदला. माझा पहिला कापून पाहिला तर आत चहाच्या गाळासारखा तपकिरी चोथा.

साध्या रबरी नळ्यांतून वास झिरपतो. पीटीएफईच्या (टेफ्लॉन) नळ्या घ्या. साधं ॲल्युमिनियम गंजतं, अ‍ॅनोडाइझ केलेलं टिकतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ई८५ काढून पेट्रोलवर फिरवून मग ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

स्वीडिश_प्रेमी

धागाकर्त्याच्या बाजूने एक उदाहरण. कोनिगसेगची सीसीएक्सआर २००७ ची. पेट्रोलवर ८०६ हॉर्सपॉवरच्या सीसीएक्सच्याच इंजिनातून इथेनॉलवर १०१८. जेस्को पेट्रोलवर १२८०, ई८५ वर १६००. २०२३ च्या डॉज डीमन १७० चे १०२५ सुद्धा ई८५ वरचेच. यांनी फ्यूल सिस्टिम 'नंतर बघू' म्हणून सोडली नाही.

रोजची_गाडी

कारखान्यात सगळं एकत्र आखतात, मी टप्प्याटप्प्याने करतो. तुलनाच चुकीची आहे.

थेट_फवारा

तुमच्या सगळ्यांच्या गाड्या पोर्ट इंजेक्शनच्या (इंधन सिलिंडरच्या बाहेर, इनटेकमध्ये फवारणाऱ्या) दिसतात. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचं (इंधन थेट सिलिंडरमध्ये) दुखणं वेगळं आहे. टाकीतला पंप कितीही मोठा टाका, कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप ठराविक फ्लोपुढे जात नाही, आणि इंजेक्टरला फवारायला वेळही कमी मिळतो. माझ्या गाडीत ई५० च्या वर रेलचा दाब धडाधड पडायचा. मोठा हाय प्रेशर पंप बसवला, मॅनिफोल्डमध्ये पोर्ट इंजेक्टर वेगळे बसवले, तेव्हा जमलं. आमच्यासाठी धागाकर्त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे: फ्यूल आधी, बाकी नंतर.

रेलप्रेशर

रोजची_गाडी यांच्यासाठी माझं वाक्य बदलतो. सगळं आधी बदला असं नाही. ज्या मिश्रणावर, ज्या बूस्टला गाडी चालवणार, तिथला दाब लॉगमध्ये सपाट दिसेपर्यंत बूस्ट वाढवू नका. दाब ०.३ बार पडला की ईसीयूने इंजिनची पॉवर कापावी, हे मी आता बसवलंय. इंजेक्टर मोठे असले तरी हे हवंच. पंप मरतो तेव्हा इशारा देत नाही.

दोन पंपांची सिस्टिम करणाऱ्यांना एक विनंती. दुसरा पंप फक्त बूस्टला सुरू होत असेल तर तो रोजच्या चालवण्यात बंद पडला तरी कळणार नाही, कळेल ते थेट पूर्ण बूस्टला. दोन्ही सतत चालू ठेवा, नाहीतर दर आठवड्याला दुसरा वेगळा चालवून दाब बघा.

रोजची_गाडी

पॉवर कापायची मर्यादा मी ०.५ वर ठेवली होती. तुमचा लॉग बघून आज ०.३ करतो. ई४० मात्र सोडणार नाही.

दहा_गेज

आणि जाता जाता पंपाच्या कनेक्टरचे व्होल्ट पण घे रे. पूर्ण लोडला, आयडलला नाही.