दुखत नसलेल्या मुतखड्यावर लक्ष कसे ठेवावे?

प्रश्न (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

माझे वडील ५४ वर्षांचे असून आजही पूर्ण वेळ शेती करतात. गेल्या महिन्यात पोटातल्या जळजळीसाठी सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या भागात ६ मिमीचा खडा आढळला. मूत्रपिंडाला सूज नाही आणि कंबर कधी दुखलेली नाही. गावात कोणी लगेच ऑपरेशन करा म्हणतात, तर कोणी दुखत नाही तर विसरून जा म्हणतात. वडिलांना दुसरा सल्ला पटला आहे. माझे मन मात्र मानत नाही. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसल्यामुळे ते वावरात घरून नेलेल्या एका बाटलीवर दिवस काढतात, हेही सांगणे गरजेचे वाटते.

उत्तर १ (ग्रामीण भागात वैद्यकीय व्यवसाय करणारा)

तुम्ही लिहिले आहे त्यावरून ऑपरेशनची घाई दिसत नाही, पण विसरून जाणे मला मान्य नाही. खालच्या कप्प्यातला खडा सहसा जागचा हलत नाही, म्हणून दुखत नाही आणि आपोआप पडूनही जात नाही. मात्र तो कधी मूत्रनलिकेत उतरून अडकला, तर काही रुग्णांना वेदना न होताच मूत्रपिंड फुगत जाते आणि निकामी होऊ शकते. अशा वेळी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही फसवते, कारण दुसरे मूत्रपिंड काम सांभाळून घेते. म्हणूनच पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा करावी, शक्यतो त्याच केंद्रात, आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा. सोनोग्राफीत खडा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसू शकतो, त्यामुळे ६ चे ७ मिमी झाले एवढ्यावरून तो वाढला असे समजू नये. शंका असल्यास कमी किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन नेमके सांगतो. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि युरिक ॲसिड आताच एकदा करून घ्यावे. खडा खरोखर वाढला, सूज आली, जंतुसंसर्ग वारंवार होऊ लागला किंवा दुखणे सुरू झाले, तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवून तो काढण्याचा विचार करावा.

आता पाण्याविषयी, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. किती प्यायलो यापेक्षा लघवी किती झाली हे पाहावे. दिवसाकाठी ती दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. वैशाखात पारा ४५ अंशांवर असताना वावरात राबणाऱ्याचे बरेचसे पाणी घामावाटे जाते, म्हणून एक बाटली मुळीच पुरणार नाही. घरून गोड्या पाण्याची पाच लिटरची कॅन न्यावी. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडले असे समजावे. रात्री झोपतानाही एक पेला घ्यावा.

उत्तर २ (वाशीम जिल्ह्यातील गृहिणी)

माझा ५ मिमीचा खडा सहा वर्षांपासून आहे तसाच आहे. खडा कॅल्शियमचा असतो असे ऐकून मी सुरुवातीला दूध आणि ताक बंद केले होते, ती चूक होती. जेवणातले कॅल्शियम पालकासारख्या भाज्यांतल्या ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या क्षाराला, आतड्यातच बांधून ठेवते, असे डॉक्टरांनी मला समजावले. मीठ मात्र खरोखर कमी केले. लोणचे, पापड आणि ठेचा यांचे प्रमाण निम्म्यावर आणले. लिंबूपाणी रोज घेते, त्यात मीठ-साखर घालत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आजी कुळथाचे कढण देण्याचा आग्रह धरते. त्याने खडा विरघळेल का?

उत्तर १

कढण पाण्याच्या जोडीला अवश्य द्यावे, पण त्याच्या भरवशावर तपासणी टाळू नये. औषधाने विरघळण्यासारखे खडे मुख्यतः युरिक ॲसिडचे असतात आणि त्यांचे औषध डॉक्टरांनीच ठरवावे लागते. पुढे खडा पडलाच तर तो फेकू नका, तपासायला द्या, म्हणजे नेमका प्रकार कळेल. आणि थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर कंबर दुखत नसली तरी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.