साध्या आकारांतून स्वतःची शैली कशी घडवावी? दूध कट्ट्यावरच्या म्हशीच्या निमित्ताने

तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी:
नमस्कार. मी कोल्हापुरात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. वार्षिक सबमिशनसाठी शहराची ओळख सांगणारी बारा चित्रचिन्हे करतो आहे. ती सगळी वर्तुळ, त्रिकोण आणि आयत अशा मोजक्या आकारांतूनच उभी करायची आणि रंग तीनच वापरायचे, असे मी ठरवले आहे. कापशी चप्पल, रश्श्याच्या दोन वाट्या, कुस्तीची जोड आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची (जिथे म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात) म्हैस अशी चार चिन्हे तयार झाली आहेत. मार्गदर्शक सरांनी ती पाहून म्हशीवर बोट ठेवले आणि विचारले, "ही कुठल्या गावची?" मला उत्तर देता आले नाही. काम नीटनेटके आहे, पण ते कोणीही केलेले असू शकेल, हे मलाही दिसते. आकार जितके कमी करावेत तितका मीच त्या चित्रातून पुसला जातो. चित्र सोपे करूनही ते माझे राहावे, यासाठी नेमके काय करावे? चारही चित्रे सोबत जोडली आहेत.

राजारामपुरीतील डिझायनर:
तुमची म्हैस मोठी करून पाहिली. तिची शिंगे कानाशेजारी गोल वळलेली आहेत. ही मुऱ्हा म्हशीची खूण झाली. आपल्या भागातल्या पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब असतात आणि मागे खांद्यापर्यंत, पुष्कळदा त्याच्याही पलीकडे जातात. म्हणजे कोणीतरी आधीच सोपी करून ठेवलेली म्हैस तुमच्या मनात होती आणि तुम्ही तीच पुन्हा काढलीत. सरांचा प्रश्न मला म्हणूनच फार नेमका वाटतो.

आकारांचे बंधन घातले म्हणून माणूस पुसला जात नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी जर्मन डिझायनर ओटल आयशर यांच्या गटाने केलेली चिन्हे पाहा. उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांच्या तिरक्या रेषांची जाळी आणि सर्वत्र सारख्याच जाडीचे हातपाय, एवढ्या कडक शिस्तीतही प्रत्येक खेळातला शरीराचा नेमका क्षण त्यांनी पकडला आहे, कारण काय ठेवायचे याचा निर्णय खेळाडूचे शरीर पाहून झाला होता. जर्मन चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांनी ऑटो न्यूराथ यांच्या आयसोटाइप पद्धतीसाठी, म्हणजे आकडेवारी चित्रचिन्हांतून मांडण्याच्या पद्धतीसाठी, सुमारे ४,००० चिन्हे केली आणि त्यासाठी ते लिनोलियम (ठसा उमटवण्यासाठी कोरतात ते जाड पत्र्यासारखे साहित्य, थोडक्यात लिनो) कोरत असत. संगणकावर जास्तीची रेष फुकट मिळते, लिनोवर तिच्यासाठी हात दुखवून घ्यावा लागतो. त्यामुळे कोरणारा प्रत्येक रेषेची गरज आधी तपासतो.

तेव्हा पंधरा दिवस संगणकावर रेषा काढायच्या पेन टूलला हात लावू नका. कट्ट्यावर जाऊन उभे राहा आणि पेन्सिल कागदावरून न उचलता एकेका मिनिटात म्हैस काढा. अशी वीस-पंचवीस टिपणे झाली की ती जमिनीवर पसरून कोणती वळणे पुन्हा पुन्हा आली आहेत ते पाहा. ती वळणे तुमच्या नजरेने निवडलेली असतील. त्यानंतर काळा कागद घ्या आणि आधी रेखाटन न करता सरळ कात्रीने म्हैस कापा. कात्रीला बारीकसारीक तपशील झेपत नाही, ही तिची मोठी मदत आहे.

गुजरीतील वाचक:
आमच्या घरात दागिन्यांचे काम आहे, म्हणून एक सुचवावेसे वाटते. कोल्हापुरी साज जवळून पाहा. साजाची पाने परंपरेने एकवीस मानतात आणि त्यांत मासा, कासव, चंद्र असे आकार असतात. नखाएवढ्या पानावर मासा करताना खवले मोजत बसता येत नाही, तरीही तो मासाच आहे हे हाताच्या अंतरावरून ओळखू येते. सर्व पाने एकाच माळेत शोभतात, कारण त्यांचा आकारमानाचा आणि फुगवट्याचा हिशेब सारखा ठेवलेला असतो. तुमची बारा चिन्हे एका घरातली वाटावीत, असा काही हिशेब तुम्ही ठरवला आहे का?

पॅकेजिंगचे काम करणारी:
वरच्या दोघांशी मी सहमत आहे, फक्त एक सावधगिरी सांगते. लांब शिंग टोकाला निमुळते होते आणि चिन्ह बारा मिलिमीटरवर छापले की ते टोक नाहीसे होते. म्हणून प्रत्येक चिन्ह त्या मापात साध्या कागदावर छापून पाहा. शिवाय शैलीची घाई तिसऱ्या वर्षात करू नये, असे मला मनापासून वाटते.

तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी:
आपणा सर्वांचे आभार. नऊ दिवस कट्ट्यावर जातो आहे आणि एकतीस टिपणे झाली आहेत. धार काढताना म्हैस नाक वर करते तेव्हा शिंग पाठीला जवळजवळ समांतर येते आणि दोहोंच्या मध्ये विळ्याच्या पात्यासारखी एक अरुंद फट उरते. एकतीसपैकी बावीस टिपणांत मी नकळत तीच फट काढली आहे. आता मी म्हैस न कापता ती फट आधी कापतो आणि अंग तिच्याभोवती बसवतो. शिंगाचे टोकही बोथट ठेवले आहे, त्यामुळे बारा मिलिमीटरवर ते टिकते. चप्पल आणि वाट्या मात्र पुन्हा कराव्या लागतील, कारण त्यांत अशी पाहिलेली एकही जागा नाही. अडचण कानाची आहे. कान ठेवला तर फट बुजते आणि काढला तर म्हैस बैलासारखी दिसते. दोन्ही कातरणांची छायाचित्रे जोडतो आहे, कृपया पाहून सांगावे.