शनिवारी ग्रिम्सबीला कोण कोण येतंय?

(ग्रुप: घरचे सगळे, नॉटिंगहॅम-शेफिल्ड)

मी: शनिवारी ग्रिम्सबी टाउनशी मॅच आहे, त्यांच्या ग्राउंडवर. दुपारी 3 ला सुरू. गाडीत माझ्यासकट पाच जण मावतात, त्यात चिमणी धरलेली आहे. बाकी कोण येणार ते आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या तिकिटं काढतो. अवे एंडची, म्हणजे पाहुण्या टीमच्या लोकांच्या बाजूची, तिकिटं आपल्या क्लबकडून, नॉट्स काउंटीकडूनच घ्यायची असतात. तिथे पोचल्यावर बघू, असं चालत नाही.

चिमणी: मी मी मी 🖤🤍

वहिनी: भाऊजी, ही कालपासून बॅग भरून बसलीये. पण मला आधी नीट सांगा. मेडो लेनला, आपल्या क्लबच्या ग्राउंडवर, ती तुमच्याबरोबर येते ते ठीक आहे, तिथे आजूबाजूला सगळे ओळखीचे. हे परकं गाव, समोर त्यांची माणसं. टीव्हीवर नाही का दाखवत?

मी: वहिनी, नाही दाखवत. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडमध्ये कुठलीच फुटबॉल मॅच लाइव्ह दाखवता येत नाही. 1960 च्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. मोठ्या क्लबांच्या मॅच घरबसल्या दिसायला लागल्या तर लहान क्लबांच्या ग्राउंडवर कोण फिरकणार, असं त्यांचं म्हणणं. आपण लीग टूमधले, म्हणजे वरून चौथ्या पायरीवरचे. आपल्यासारख्यांचं घर तिकिटावर चालतं, त्यामुळे मी या नियमाच्या बाजूचा आहे. रेडिओवर ऐकता येईल, पण तिला ऐकायला नाही, बघायला न्यायचंय.

दादा: मी नाही येऊ शकत, शनिवारी कामावर आहे. चिमणीला तू ने. रस्ता कोणता?

मी: सरळ A46. नेवार्क, लिंकनचा बायपास, मार्केट रेझन, मग ग्रिम्सबी. दोन तास धर. लिंकननंतर जायला एक आणि यायला एक अशीच लेन आहे आणि पुढे ट्रॅक्टर लागला की त्याच्याच चालीने जावं लागतं, म्हणून दहाला निघायचं. उशीर झाला तर गाडी लावायला जागा मिळत नाही. ग्राउंडच्या चारी बाजूंना लोकांची घरं आहेत. कुणाच्या फाटकासमोर गाडी लावायची नाही, थोडं लांब लावून चालत जाऊ.

भाचा: मामा मी शेफिल्डहून ट्रेनने येतो. ग्रिम्सबी टाउन स्टेशनचं तिकीट काढू ना?

मी: नाही! बरं झालं विचारलंस. क्लब ग्रिम्सबीचा, पण ग्राउंड ग्रिम्सबीत नाहीच. ब्लंडेल पार्क शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. 1899 पासून ते स्वतःच्या होम मॅच शेजारच्या गावात खेळतायत. तुझी गाडी डॉनकास्टर, स्कंथॉर्प करत थेट क्लीथॉर्प्सला जाते. शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहा. उतरलास की समोर समुद्र. तिथून ग्राउंड चालत वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये न्यू क्ली म्हणून ग्राउंडच्या जवळचं एक स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

भाचा: ओके. आणि मामा, हे तेच ना, ऑगस्ट 2025 मध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवलेले? त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

मी: तेच. 2-2, मग पेनल्टीत 12-11. त्यांच्याच ग्राउंडवर. म्हणून तर सांगतोय, चौथ्या पायरीवरची टीम म्हणून सोपं समजू नका.

बाबा: मला यायचे आहे. गुडघ्याचे मी बघून घेईन.

आई: अहो, थंडी बघा बाहेर

बाबा: थंडी इथेही आहे.

मी: बाबा, या. पण आधी एक गोष्ट ऐका. अवे एंडला लोक सगळी मॅच उभ्याने बघतात. खुर्च्या असतात, बसत कुणी नाही. पुढचा माणूस उभा राहिला की मागच्याला उभं राहावंच लागतं. दोन तास तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही. मी सकाळी क्लबच्या तिकीट ऑफिसला फोन करतो. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना बसून दिसेल अशी जागा मागितली तर ते बघतात, फक्त ऐनवेळी नाही, आधी सांगावं लागतं. ती जागा मिळाली तर तुम्ही नक्की. नाही मिळाली तर आई आणि तुम्ही समुद्रावर थांबा. पिअर आहे, म्हणजे समुद्रात गेलेला धक्का, फिरायला लांबच लांब किनारा आहे.

बाबा: तीन वाजता मी समुद्र बघत बसणार नाही. फोन कर.

ताई: 😀 बाबांना कुणी अडवू नका. तिथे बघण्यासारखं काय आहे रे? आई-बाबा एवढं लांब जातायत तर.

मी: ताई, ग्रीनिच रेषा क्लीथॉर्प्समधून जाते, किनाऱ्यालगतच्या पायवाटेवर तशी खूण केलेली आहे. बाबांना ते आवडेल. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की नुसती वाळू दिसते. त्या वाळूत मात्र लांब जायचं नाही, भरती आली की माणसं अडकतात. आणि जे बघायचं ते मॅचच्या आधी. मॅच संपेपर्यंत अंधार पडलेला असेल.

ग्रिम्सबीची गोदी लांबून कळते, डॉक टॉवरमुळे. 1852 चा आहे, 94 मीटर उंच, इटलीतल्या सिएना गावच्या मनोऱ्यासारखा बांधलाय. एकेकाळी मासेमारीत जगात ग्रिम्सबीच्या तोडीचं बंदर नव्हतं. 1970 च्या दशकात आइसलँडबरोबरच्या कॉड युद्धांनंतर, म्हणजे मासेमारीच्या हद्दीवरून झालेल्या भांडणांनंतर, लांबच्या पाण्यात जाणारी जहाजं बसली ती बसलीच. आता मासा बाहेरून येतो, तो कापायचा, धुरी द्यायचा उद्योग गावात आहे. त्यांच्या क्लबचं टोपणनाव मरिनर्स, म्हणजे दर्यावर्दी, आणि त्यांचे लोक मॅचला हवा भरलेले मासे घेऊन येतात. चिमणी, मोठ्ठे हॅडॉक, हातभर लांब. दिसले की घाबरू नकोस.

चिमणी: मला पण पाहिजे मासा

मी: तो त्यांचा मासा आहे गं राणी. आपण नाही घ्यायचा.

आई: खायचं काय? मी डबा करते

मी: आई, डबा कर, खरंच कर. आम्ही तिघं मासे खाऊ, तिथल्यासारखा ताजा हॅडॉक नॉटिंगहॅमला मिळत नाही. पण तू आणि बाबा नुसते चिप्स खाऊ म्हणाल तर आधी दुकानात विचारायला हवं. त्या बाजूला बरीच दुकानं बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात, म्हणजे गाईच्या चरबीत. बटाटाही त्याच कढईत. पाटीवर लिहिलेलं असतंच असं नाही. मागे आपल्याच एका ओळखीच्या काकूंनी अर्धी पुडी संपवल्यावर त्यांना कळलं, त्या परत येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. तेलात तळणारंही दुकान मिळतं, पण विचारून घ्यायचं.

आई: बाई गं. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेते. दशम्या पण करते

वहिनी: भाऊजी, माझं उत्तर राहिलं. ती काळा-पांढरा स्कार्फ घालणार म्हणतेय. परक्या गावात रंग मिरवायला नको ना?

मी: वहिनी, इथे तर वेगळीच गंमत आहे. ग्रिम्सबीचे पट्टेही काळे-पांढरेच! दोन्ही क्लबांचे रंग एक. आपली टीम शनिवारी दुसऱ्या रंगाचे शर्ट घालेल, पण स्कार्फ सगळ्यांचे सारखेच दिसणार. त्यामुळे रस्त्यात तिला कुणी वेगळं ओळखणारही नाही. काळजी वेगळीच आहे. बाकी कुठल्याही गावात आपल्या रंगाच्या मागे चालत गेलं की आपल्या दारात पोचतो. इथे काळ्या-पांढऱ्यांच्या मागे गेलात तर पाँटून स्टँडला पोचाल, आणि ती त्यांची सगळ्यात गोंगाटाची बाजू. आपल्याला जायचंय ऑस्मंड स्टँडला, दुसऱ्या गोलच्या मागे. भाच्या, तू एकटा येणार आहेस, हे नाव पाठ कर. पाटी बघ, तिकिटावरचं गेट बघ, नाहीतर स्टुअर्डला, म्हणजे ग्राउंडवरच्या मदतनीसाला, विचार.

भीतीचं म्हणाल तर मी दोनदा गेलोय. तिथले लोक साधे आहेत, गप्पा मारतात. स्टुअर्ड असतात, आत जाताना बॅग तपासतात, म्हणून लहान बॅग आणायची. दारूबद्दल 1985 चा कायदा आहे. मॅच चालू असताना ग्राउंड दिसतं अशा जागी कुणाला पिता येत नाही आणि मॅचला जाणाऱ्या भाड्याच्या बसमध्येही चालत नाही. मुलीला घेऊन जाताना तुम्हाला वाटतं तसं वातावरण नसतं. माझा हात सोडणार नाही ती, हे मी लिहून देतो.

वहिनी: लिहून नको, हात धरा म्हणजे झालं. ठीक आहे, जाऊ दे तिला.

चिमणी: आईईई ❤️❤️❤️

भाचा: मामा, जिंकू का पण?

मी: वाऱ्यावर आहे, अगदी शब्दशः. ग्राउंडच्या एका बाजूला हंबर नदीचं मुख आहे, तिथून वारा आत येतो. आपली टीम गेली काही वर्षं मागून छोटे पास देत बांधत येते. शांत हवेत ते सुंदर दिसतं. पण तिथे गोलकीपरने उंच मारलेला बॉल हवेत थांबतो आणि उलटा येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वारा अंगावर असेल त्या हाफमध्ये बॉल जमिनीवर ठेवायचा आणि कॉर्नर कमीत कमी द्यायचे, एवढं केलं तरी पुरे. वारा पाठीशी असेल तेव्हा मात्र लांबून मारायला लाजायचं नाही. आपण लाजतो. लांबून मारलेला एक गोल हा दहा पासांनंतरच्या गोलाइतकाच मोजतात, हे आपल्या मिडफिल्डला कुणीतरी सांगायला हवं.

टेबलाचं गणित: 24 टीम, 46 मॅच. पहिले तीन सरळ वर जातात, चौथ्या ते सातव्यात प्लेऑफ, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या मॅच. अशा ग्राउंडवरून एक पॉइंट आणला तरी मी खूश असेन, पण तीन आणायला जातोय.

दादा: 2022 विसरला नाहीस तू अजून.

मी: नाही विसरलो. चिमणीही नाही.

नवीन मंडळींसाठी सांगतो. 2019 ला आपण लीगमधून, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांतून, खाली पडलो, 1888 पासून लीगच्या पहिल्या 12 क्लबांत असलेला आपला क्लब. मे 2022 मध्ये वर यायची संधी होती, मेडो लेनवर प्लेऑफ, समोर हेच ग्रिम्सबी. आपण 1-0 ने पुढे. 90 मिनिटं संपली, वरची भरपाईची मिनिटंही संपत आली. चिमणी नऊ वर्षांची होती. ती खुर्चीवर उभी राहून बोटांवर सेकंद मोजत होती, माझ्या खांद्याला धरून. 96 व्या मिनिटाला त्यांनी बरोबरी केली. तिचं मोजणं मध्येच थांबलं, दोन बोटं तशीच वर राहिली. आपल्या सगळ्या स्टँडमध्ये चिडीचूप आणि ग्राउंडच्या एका कोपऱ्यातून, त्यांच्या अवे एंडमधून, तो आवाज. जादा वेळ संपता संपता त्यांनी दुसरा केला. ते पुढे रेक्सहॅमला 5-4 ने हरवून, फायनल जिंकून लीगमध्ये परत गेले. तिन्ही प्लेऑफ त्यांनी जादा वेळेत जिंकले. मानायलाच हवं.

आपण पुढच्या वर्षी 107 पॉइंट करूनही दुसरे आलो, रेक्सहॅमचे 111. शेवटी वेम्बलीवर पेनल्टीवर वर आलो. ते सुख मोठं होतं. पण 2022 च्या त्या रात्री गाडीत चिमणीने मला विचारलं होतं, काका, ते एवढे थोडे होते तरी एवढा आवाज कसा? मला तेव्हा सांगता आलं नाही. तो आवाज कसा होतो ते तिला आतून कळायला हवं, म्हणून हा सगळा खटाटोप. इतक्या लांब थंडीत येणारा प्रत्येक माणूस ठरवून आलेला असतो. हजार जण असले तरी हजारच्या हजार गातात.

चिमणी: मला आठवतंय 😔 मी दोन बोटांवर होते

बाबा: शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणीही जागेवरून हलायचे नाही.

मी: बरोबर बाबा. ट्रॅफिकसाठी पाच मिनिटं आधी निघू, असं मला कुणीही म्हणायचं नाही.

ताई: बाबा इतके कधीपासून फुटबॉलवाले झाले?

बाबा: 1939 साली ओल्ड ट्रॅफर्डवर 76,962 लोक जमले. त्या ग्राउंडवरची ती आजवरची सर्वात मोठी गर्दी. मँचेस्टर युनायटेडची मॅच नव्हती. ग्रिम्सबी विरुद्ध वुल्व्हज, एफए कप सेमीफायनल. मी वाचून ठेवले आहे.

भाचा: आजोबा 🙏 हे मला माहीत नव्हतं

मी: आणि त्या मॅचमध्ये ग्रिम्सबीचा गोलकीपर सुरुवातीलाच जखमी झाला. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, दुसऱ्याच कुणाला तरी गोलमध्ये उभं केलं. 5-0 हरले बिचारे.

बसायचं सांगून टाकतो. ऑस्मंड स्टँड जुना आहे, छपराला खांब आहेत, काही जागांवरून गोलचा तुकडा खांबामागे जातो. खांबाआडची जागा मिळाली तर चिमणी माझ्या जागी आणि मी खांबामागे.

वहिनी: कपडे काय देऊ?

मी: थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वारा आत न शिरणारं जॅकेट. छत्री नको, त्या वाऱ्यात टिकत नाही. टोपी कानांवर येणारी. आणि पाय. सिमेंटवर दोन तास उभं राहिलं की गारठा खालून चढतो, म्हणून मोजे जाड.

आई: लोकरीचे मोजे मी विणलेलेच आहेत. दोन जोड्या एकावर एक घालायला सांग तिला. बूट एक नंबर मोठे लागतील

दादा: माझ्या चौकीदारीचे बूट तिला होतात आता. ते ने.

चिमणी: बाबांचे बूट!! चालेल

मी: तर मी, चिमणी, आई, बाबा गाडीत, भाचा ट्रेनने. आई-बाबांना जागा मिळाली की नाही ते उद्या अकराला कळवतो. ताई, तू येणार असलीस तर पाचवी जागा अजून रिकामी आहे.

ताई: ठेव माझ्यासाठी. दशम्या आहेत ना