सुट्टीच्या गर्दीतला विमानतळ: सहा जण, दोन लहान, दोन ज्येष्ठ, मध्ये विमानबदल

भटकीजमात
उन्हाळी सुट्टीत आंतरराष्ट्रीय प्रवास आहे. आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंना लांबचं चालवत नाही, सासऱ्यांना पेसमेकर आहे. मध्ये एकदा विमान बदलायचंय, हातात १ तास ४० मिनिटं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत, पण सासू-सासऱ्यांचा पीएनआर (बुकिंग क्रमांक) वेगळा आहे. किती आधी पोहोचावं, व्हीलचेअर कशी सांगावी, बाळाचं दूध आणि बाबागाडी सिक्युरिटीतून कशी न्यावी? ऐन गर्दीचा शनिवार आहे.

खिडकीचीसीट
आधी पीएनआरचं बघा. विमान कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडायला सांगा, म्हणजे दोन्हीकडे ‘एकत्र प्रवास’ अशी नोंद होते. मधे बदलायचं विमान चुकलं की नंतरच्या विमानातल्या जागा बहुतेक वेळा सिस्टीमच वाटते, आणि तिच्या लेखी तुम्ही चौघं आणि ते दोघं अनोळखी आहात.

व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवा. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हणू नका, प्रकार सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, फक्त अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. हा फरक कागदी नाही. विमान इमारतीच्या पुलाला (एरोब्रिजला) न लागता लांब उभं राहिलं तर बसने जाऊन शिडी चढावी लागते. तिथे ‘आर’ लिहिलेल्या माणसाला चढायला सांगतात, ‘एस’साठी उचलणारी गाडी मागवतात. ती गाडी ऐन वेळी मिळत नाही. सासूबाईंना वीसेक पायऱ्या झेपत नसतील तर ‘एस’च सांगा.

आता १ तास ४० मिनिटं. कंपनीने हे तिकीट विकलं म्हणजे त्या विमानतळाच्या किमान जोडणी-वेळेत ते बसतं. पण ती वेळ धडधाकट प्रवाशाला धरून काढलेली असते. व्हीलचेअरवाल्यांना सगळे उतरल्यावर शेवटी उतरवतात, शिवाय माणूस आणि खुर्ची येईपर्यंत थांबावं लागतं. त्यात २०-३० मिनिटं सहज जातात. पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या १५ ते २० मिनिटं आधी बंद होतं. राहिला तासभर, आणि त्यात बहुतेक ठिकाणी पुन्हा सिक्युरिटी. पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं की संपलं. त्याच दिवशी पुढची फेरी असेल तर आत्ताच फोन करून तिच्यावर बदलून मिळते का विचारा. वेळापत्रकात कंपनीने स्वतः काही बदल केला असेल तर बऱ्याचदा फुकट बदलून देतात. एकच तिकीट असल्याने जोडणी चुकली तरी पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं असती तर तेही नाही.

ट्रेवाला
सिक्युरिटीपुरतं बोलतो. सगळा घोळ क्रमाचा असतो. एक मोठा माणूस सर्वांत आधी पलीकडे गेला पाहिजे. त्याने पट्टा, घड्याळ, नाणी घरूनच बॅगेत टाकावीत, म्हणजे तो न वाजता पार होतो आणि पलीकडे येणारे ट्रे सांभाळतो. मग मुलगी, मग बाळाला घेतलेला माणूस. दोघं मोठे मागे राहिले तर फोन-पासपोर्टचे ट्रे पलीकडे बेवारस पडतात आणि मुलगी एकटी फिरते.

सासऱ्यांनी रांगेतच ‘पेसमेकर आहे’ सांगावं आणि कार्ड दाखवावं. हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नये, हाताने तपासणी मागावी. तपासणीला माणूस यायला वेळ लागतो, म्हणून त्यांना शेवटी नाही, आधी पाठवा.

बाळाचं दूध, फॉर्म्युला, तयार अन्न याला हातातल्या सामानातल्या द्रवांची १०० मिलीची मर्यादा बहुतेक ठिकाणी लागू नसते, पण प्रवासाला पुरेल एवढंच आणि बॅगेतून बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये. बाटली तपासायला घेतात, त्यामुळे पाच-दहा मिनिटं हिशेबात धरा. मोठ्यांचं दही, मध, जॅम, टूथपेस्ट मात्र द्रवातच मोजतात, आणि बघतात ते डब्याचं माप. २०० मिलीच्या डब्यात तळाशी थोडंसं असलं तरी जप्त. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्याने ही मर्यादा सैल झालीय, पण परतीचा विमानतळ तसाच असेल असं धरू नका.

बाबागाडी घडी घालून पट्ट्यावर जाते, म्हणून खालची जाळी आधीच रिकामी करा. तिथे कोंबलेल्या दहा वस्तू तिथेच काढत बसल्यामुळे मागची रांग अडते. बाळ उचलून न्यायचं. छातीशी बांधायची झोळी असेल तर बऱ्याच ठिकाणी बाळासकट जाऊ देतात, वर हाताला पुसून स्फोटकांची चाचणी घेतात.

भटकीजमात
आभार. पॉवरबँक ३०,००० एमएएचची आहे, ती चेक-इनमध्ये टाकली तर चालेल का? आणि बाबागाडी गेटवर दिली तर मधल्या विमानतळावर परत मिळते का?

ट्रेवाला
चेक-इनमध्ये अजिबात नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक फक्त हातातल्या सामानात. मोजमाप वॅट-तासात होतं: एमएएचला ३.७ ने गुणून १००० ने भागा. २०,००० म्हणजे ७४ वॅट-तास, तुमची १११. १०० पर्यंत विचारावं लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी, त्यावर बंदी. आकडा पुसट झालेली पॉवरबँक काही ठिकाणी काढूनच घेतात. १०,००० च्या दोन घ्या आणि मोकळे व्हा. किती न्यायच्या आणि विमानात वापरायच्या की नाही, हे नियम अलीकडे कंपनीगणिक बदलताहेत, तेवढं त्यांच्या साइटवर बघा.

बाबागाडी: टॅग लावतानाच विचारा की ती विमानाच्या दारात मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर. टॅग शेवटच्या विमानतळापर्यंतचा असेल तर मधे मिळेलच असं नाही. झोळी जवळ ठेवा.

सामानसुमान
वरच्या दोघांनी सामान सोडलंय.

एकेका माणसाची एकेक बॅग भरू नका. सगळ्यांचे एक-दोन कपडे प्रत्येक बॅगेत मिसळा, म्हणजे एक मागे राहिली तरी कोणी उघडं पडत नाही. जुन्या प्रवासांचे चिकट बारकोड खरवडून काढा, कारण यंत्र त्यातला एखादा वाचून बॅग भलतीकडे पाठवतं. काउंटरवर टॅगवर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड आहे ना, ते तिथेच बघा. एकेक बॅग ३२ किलोच्या वर गेली की जास्तीचे पैसे भरूनही बऱ्याचदा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाची मर्यादा असते.

औषधं, चष्मे, बाळाचे एका दिवसाचे डायपर आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड हातात.

बॅग आली नाही किंवा फुटली तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर (सामानातल्या गडबडीचा अहवाल) नोंदवूनच बाहेर पडा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार लेखी तक्रार नुकसानीसाठी ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या सामानासाठी हातात आल्यापासून २१ दिवसांत. पीआयआर म्हणजे तक्रार नव्हे, इथे पुष्कळ लोक फसतात. वेगळी ईमेल करावी लागते.

खिडकीचीसीट
किती आधी, ते राहिलं. सामान घेणारे काउंटर अनेक कंपन्या सुमारे तीन तास आधी उघडतात आणि आंतरराष्ट्रीयसाठी साधारण तासभर आधी बंद करतात. पाच तास आधी जाऊन मुलांना खांबाजवळ बसवण्यात अर्थ नाही. काउंटर उघडायच्या वीसेक मिनिटं आधी रांगेत असा. मांडीवरचं बाळ असलं की ऑनलाइन चेक-इन अनेकदा पूर्ण होत नाही, तेव्हा काउंटरचा वेळ धराच.

आणि सगळे पासपोर्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवू नका. व्हीलचेअरची माणसं वेगळ्या दारातून नेतात, सोबत बहुधा एकालाच सोडतात. फोल्डर तुमच्याकडे राहिला तर सासूबाई इमिग्रेशनच्या खिडकीशी अडकतील. त्या दोघांचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास त्यांच्याच गळ्यातल्या पाऊचमध्ये. पेसमेकरचं कार्डही तिथेच, मूळ. फोनमधल्या फोटोवर भागेलच असं नाही.