अफाइया मंदिराची तारीख: भरावातली खापरं धरायची की मूर्तींची शैली?

जोतं_आणि_चर
पुढच्या आठवड्यात पुण्यात वीस मिनिटांचं सेमिनार आहे. विषय: ग्रीसच्या एजिना बेटावरचं अफाइया देवीचं मंदिर. एका पुस्तकात इ.स.पू. ५००, दुसऱ्यात ४९०-४८०, तिसऱ्यात थेट ४८० नंतर. मंदिर एकच, मग तारखा तीन कशा? स्लाइडवर कोणती टाकू?

थर_सातवा
तारखा तीन आहेत कारण घटना वेगवेगळ्या आहेत. आधी त्या सुट्या करा.

इ.स.पू. ५७० च्या सुमाराचं जुनं मंदिर साधारण ५१० च्या आसपास जळालं. मग जागा रुंद करण्यासाठी मोठी सपाटी बांधली आणि जुन्या मंदिराचे फुटके दगड तिच्या भरावात गाडले. (त्यामुळेच त्या दगडांवरचा रंग इतका टिकला. उघड्यावर असते तर गेलाच असता.) सपाटीनंतर आजचं मंदिर: ६ × १२ खांब, स्थानिक चुनखडीचा दगड, वर गिलावा. मूर्ती मात्र पॅरोस बेटावरच्या संगमरवराच्या. जळणं, भराव, खांब, मूर्ती या चारांत बरीच वर्षं जाऊ शकतात.

भरावातली खापरं काय सांगतात? फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच. शनिवार पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या जोत्यात १८३५ चं पाव आण्याचं नाणं निघालं, तर जोतं १८३५ च्या आधीचं नाही. पण ते १८३५ चंच आहे, हे नाणं सांगत नाही. त्याच जोत्यात त्याहून जुन्या पन्नास शिवराया निघाल्या तरी फरक पडत नाही. निर्णय सर्वांत नवीन वस्तू देते, संख्या नाही. अथेन्सची चित्रित भांडी बरीच नेमकी बसवता येतात, म्हणून इथे एकेका तुकड्यावर वाद होतो. ४८० नंतर म्हणणारे अशाच तुकड्यांवर उभे आहेत.

जोतं_आणि_चर
म्हणजे सर्वांत नवीन खापर सापडलं की विषय संपला?

छेदचित्र
तिथेच घोळ होतो. ते खापर भरावातलंच आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं. पुण्याजवळच्या इनामगावच्या उत्खननातले साठवणीचे खड्डे आणि जमिनीखालची दफनं आठवा. खड्डा वरच्या थरातून खोदलेला असतो, पण त्यातली वस्तू खालच्या थराच्या पातळीला मिळते. खोदताना मातीचा रंग आणि घट्टपणा बदललेला सुटला, तर ती वस्तू खालच्या थराच्या पिशवीत जाते आणि तारीख पुढे सरकते.

वाचताना प्रत्येक निर्णायक तुकड्यासाठी हे तपासा: वर न फुटलेली फरसबंदी किंवा दगड घडताना पडलेल्या चिपांचा सलग थर होता का? तुकडा भिंतीलगतच्या पायाच्या चरातला की आतल्या भरावातला? नंतरची डागडुजी, झाडाची मुळं, बिळं? तुकड्याच्या कडा धारदार की झिजलेल्या? झिजलेला असेल तर आधी कुठेतरी पडून, मग मातीबरोबर आलेला. आणि एकाच तुकड्यावर भिस्त असेल तर त्यावर 'सुमारे' लिहायला विसरू नका.

एक चांगली गोष्ट: १९०१ च्या उत्खननात जर्मन पुरातत्त्वज्ञ फुर्टवेंगलरना शिलालेख मिळाला. क्लेओइतास पुजारी असताना अफाइयाचं 'घर' आणि वेदी बांधली, असं त्यात आहे. त्याआधी हे मंदिर झ्यूसचं समजलं जायचं. पण शिलालेख जुन्या मंदिराच्या काळातला आहे, आजच्या मंदिराची तारीख त्यावरून काढू नका.

गिलावा_निघालेला
मूर्तींबद्दल माझं मत जरा कडक आहे. मूर्ती पेडिमेंटमधल्या, म्हणजे दोन्ही टोकांना छपराखालच्या त्रिकोणातल्या. पश्चिम पेडिमेंटच्या ४९०, पूर्वेच्या ४८० या तारखा मुख्यतः शैलीवर बसवल्या आहेत. पश्चिमेचा मरणारा योद्धा अजून जुन्या पद्धतीने हसतो, पूर्वेचा शरीराचं वजन ढालीवर टाकून कोसळतो. फरक खरा आहे, पण त्या शैलीची वर्षं ठरवताना अथेन्समध्ये ४८० च्या पर्शियन विध्वंसानंतर गाडलेल्या ढिगाऱ्याचाच आधार घेतला जातो. म्हणजे तिथलाही भरावच. एकीकडचा भराव डळमळला की दुसरीकडची तारीख हलते.

शिवाय मूर्ती १८११ मध्ये कॉकरेल, हालर वगैरे वास्तुविशारद मंडळींनी उकरल्या, आजच्यासारखी थरांची नोंद न ठेवता. त्यामुळे मूर्ती थराला बांधता येत नाहीत. वेदीच्या बाजूला आणखी मूर्तींचे तुकडे मिळाल्यामुळे पेडिमेंट मधेच बदललं का, हा वाद वेगळाच. आणि जुने फोटो वापरू नका: त्यांत शिल्पकार थोरवाल्डसेनने नंतर जोडलेले हातपाय आहेत, मूर्ती जिथे आहेत त्या म्युनिकच्या संग्रहालयात ते १९६० च्या दशकात काढले.

खांबांचा मुद्दा मात्र जरूर घ्या. बाहेरचे ३२ खांब, उंची सव्वापाच मीटरच्या आसपास. त्यांतले २९ अखंड दगडाचे, उत्तरेकडचे तीनच तुकड्यांवर तुकडे रचलेले. आतलं सामान नेण्यासाठी ती बाजू मोकळी ठेवली आणि हे तीन शेवटी उभारले, असं मानतात. बांधकामाला वेळ लागला, हे श्रोत्यांना यावरून पटकन पटतं.

थर_सातवा
स्लाइडवर एक आकडा टाकूच नका. चार ओळी करा: जळणं सुमारे ५१०, भराव 'नवीनतम खापरानंतर', खांब त्यापुढे, मूर्ती ४९० ते ४७०. प्रत्येक ओळीपुढे पुरावा कुठला ते लिहा. प्रश्न भरावाच्या ओळीवर येतील, तेव्हा थरांचा उभा छेद दाखवणारं चित्र मोठं करून ठेवा.